आधी चिठ्ठी, मग चर्चा: वर्गात मुलांकडून कल्पना काढून घेण्याची रीत

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत सातवीच्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘आपली शाळा स्वच्छ कशी राहील?’ आणि मुलांना म्हटलं, ‘सांगा, मनात येईल ते सांगा.’ पंधरा मिनिटांत फळा भरला. कचरा कुंडीत टाकावा. झाडे लावावीत. प्लॅस्टिक वापरू नये. सगळी वाक्यं पुस्तकातली, प्रत्येकाच्या शेवटी ‘वा’, ‘वे’ नाहीतर ‘वीत’, आणि सांगणारी मुलं मोजून चार. तास संपला, मी खुशीत फळा पुसला. बाहेर पडताना मागच्या बाकावरची एक मुलगी दाराशी घुटमळली. ‘टीचर, माझं एक होतं. पण माझं ठरंस्तोवर तुम्ही पुसलासा.’ काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, ‘मुतारीच्या वाटंवर पावसात चिखल होतोय. पोरी तिकडं जाईनात, भिंतीमागं जातात. चार फरश्या टाकल्या तर झालं की.’

त्या दिवसभरातली कामाची कल्पना ती एकच होती आणि ती फळ्यावर नव्हती.

तेव्हापासून फळ्यासमोर उभं राहून ‘सांगा, सांगा’ म्हणणं मी सोडलं. त्याऐवजी जी रीत हळूहळू हाताला बसली ती इथे पायरीपायरीने लिहिते आहे. पाचवी ते दहावीपर्यंत ती जशीच्या तशी चालते. लहान वर्ग आणि दोन-तीन इयत्ता एकत्र बसणाऱ्या शाळा यांच्यासाठी थोडे फेरफार लागतात, ते शेवटाकडे आहेत.

सगळ्यांनी एकदम बोललं की का फसतं

‘ब्रेनस्टॉर्मिंग’ हा शब्द रूढ केला ॲलेक्स ऑस्बॉर्न या अमेरिकन माणसाने. तो शिक्षक नव्हता, जाहिरातीच्या धंद्यातला होता. १९५३ च्या आपल्या पुस्तकात त्याने गटाने विचार करण्याचे चार नियम मांडले: जास्तीत जास्त कल्पना काढा, कुणाच्याही कल्पनेवर तिथल्या तिथे टीका करू नका, अचाट कल्पनाही येऊ द्या, आणि एकाच्या कल्पनेला दुसऱ्याची जोड द्या. नियम आजही उत्तम आहेत. मात्र त्याचं आणखी एक म्हणणं होतं, की गटात बसलेल्या माणसाला एकट्यापेक्षा पुष्कळ जास्त सुचतं. ते काही टिकलं नाही.

१९५८ मध्ये येल विद्यापीठात टेलर, बेरी आणि ब्लॉक या तिघांनी हे तपासून पाहिलं. एकीकडे चार जण एकत्र बसून बोलणारे, दुसरीकडे चार जण वेगवेगळे बसून विचार करणारे. वेगवेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना नंतर एकत्र केल्या, दोनदा आलेल्या एकदाच मोजल्या, तरी त्या गटाच्या जवळपास दुप्पट भरल्या. असं का होतं याचा शोध पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे यांनी घेतला. मुख्य कारण अगदी साधं निघालं. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं. थांबता थांबता स्वतःचं विसरायला होतं, किंवा ‘आता काय सांगायचं, झालं की त्याचं सांगून’ असं वाटून ते मनातच राहतं.

मराठीत आपण याला विचारमंथन म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण मंथन म्हटलं की दोरीच्या दोन्ही टोकांना बलदंडच दिसतात, आणि वर्गातही नेमकं तेच होतं.

आपल्या भागात यात भाषेची भर पडते. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळेतल्या पोराच्या डोक्यात एका वेळी किती भाषा असतात ते मोजा. घरची बोली वेगळी. जांबोटी-कणकुंबीकडे तर ती कोकणीच्या वळणाची. पुस्तकातली मराठी वेगळी. एसटीचा बोर्ड कन्नडमध्ये, दुकानाची पाटी कन्नड-इंग्रजीत, आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राच्या घरी दख्खनी उर्दू. अशा मुलाला कल्पना सुचते घरच्या बोलीत. ती ‘शुद्ध’ करून उभं राहून सांगायची म्हणजे त्याला आधी मनात भाषांतर करावं लागतं. तोवर पुढच्या बाकावरचा उठून मोकळा झालेला असतो. म्हणून माझ्या रीतीत पहिलं काम तोंडाचं नाही, चिठ्ठीचं आहे.

प्रश्न निवडणं: निम्मं यश इथेच

वाईट प्रश्नावर चांगली रीतही वाया जाते. ‘पाणी वाचवा’ हा प्रश्नच नाही, ती घोषणा आहे आणि तिला घोषणाच उत्तर म्हणून येते. ‘जगातलं प्रदूषण कसं थांबवता येईल?’ हाही नको, कारण सातवीतल्या मुलाच्या हातात त्यातलं काहीच नाही.

प्रश्न असा हवा की मुलाला त्याचं उत्तर डोळ्यांनी पाहता येईल, हातांनी करता येईल, आणि पुस्तकात ते सापडणार नाही. आमच्याकडचा एक प्रश्न मी इथे शेवटपर्यंत वापरणार आहे: ‘बिसी ऊट झाल्यावर ताटं धुताना पाणी कमी कसं लागेल?’ (कर्नाटकातल्या शाळांत दुपारच्या जेवणाच्या योजनेचं नाव अक्षर दासोह, पण मुलांच्या तोंडी ते ‘बिसी ऊट’, म्हणजे गरम जेवण. मराठी शाळेतसुद्धा.)

असेच काही प्रश्न: काढलेली रताळी घरात जास्त दिवस कशी टिकवता येतील? जुलैत पावसाने शाळेला सुट्टी मिळते, त्या दिवसांत घरी बसून काय शिकता येईल? आपल्या गावच्या यात्रेत शाळेने एक खेळ मांडायचा तर कोणता? गावातल्या आज्या-आजोबांकडून काय काय विचारून घ्यायचं? शेवटचा प्रश्न कडोली, येळ्ळूर, उचगाव या बाजूच्या मुलांना फार छान जमतो. तिथे गावची साहित्य संमेलनं भरतात, त्यामुळे मांडवात बसून मोठ्यांचं बोलणं ऐकायची सवय पोरांना आधीपासूनच असते.

प्रश्न तयार झाला की त्यावर एकदा स्वतःच उत्तरं लिहून बघा. पाच मिनिटांत तुम्हालाच सहा-सात वेगवेगळी उत्तरं सुचली नाहीत, तर प्रश्न फार अरुंद आहे. सुचलेली सगळी उत्तरं ‘जनजागृती करावी’ या जातीची असली, तर तो फार मोठा आहे.

आदल्या दिवशी बघायला लावा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ‘आमच्या मुलांना काही सुचतच नाही’ म्हणतात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ज्या गोष्टीकडे मुलाने नीट पाहिलेलं नाही तिच्याबद्दल त्याला काय सुचावं!

ताटांच्या प्रश्नासाठी आदल्या दिवशी चौघांना नळापाशी उभं केलं. दोघांनी बादल्या मोजायच्या, एकाने ताटाला काय चिकटलेलं असतं ते बघायचं, एकीने पाणी कुठे वाहून जातं ते बघायचं. त्यांनी परत येऊन वर्गाला तीनच गोष्टी सांगितल्या. भात वाळला की निघता निघत नाही. नळ सुरू ठेवून पोरं गप्पा मारतात. आणि सगळं पाणी जाऊन कंपाउंडच्या कोपऱ्यात साठतं, तिथे डास होतात. दुसऱ्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत या तिन्ही गोष्टी फिरून फिरून आल्या. पाहिलेलं नसतं तर ‘पाणी हे जीवन आहे’ एवढंच आलं असतं.

तयारी

लागणारं सामान फुकटात होतं. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून एकाचे चार तुकडे करा. मुलामागे सात-आठ चिठ्ठ्या पुरतात. पेन्सिली. मूठ-मूठ चिंचोके, प्रत्येकाला तीन येतील एवढे. एक बिस्किटाचा रिकामा डबा. आणि वेळ बघायला मोबाईल किंवा भिंतीवरचं घड्याळ.

गट चारचे करा, फार तर पाचचे. सहाच्या वर गेलात की त्यात दोन ‘पाहुणे’ निघतात. हुशार-मध्यम-कच्चे अशी विभागणी मनातून काढून टाका. हजेरीच्या क्रमाने केलं तर सख्खे मित्र एकत्र येत नाहीत, तेवढं पुरे. एकच काळजी घ्या: वर्गात एखादंच मूल कन्नड किंवा उर्दू बोलणाऱ्या घरातलं असेल, तर त्याला समजून घेणारा एक तरी सोबती त्याच्या गटात असू द्या. मुली लाजून गप्प बसतात असं दिसलं तर पहिल्या एक-दोन वेळा मुलींचे गट वेगळे ठेवायला हरकत नाही. पुढे त्या स्वतःच मिसळतात.

तीन मिनिटांचा वेडेपणा

एकदम प्रश्नाला हात घालू नका. मुलांच्या डोक्यात सकाळपासून ‘बरोबर उत्तर एकच’ हे बसलेलं असतं, ते आधी सैल करायला हवं. एखादी घरातली वस्तू घ्या आणि तिचे उपयोग विचारा. मी फाटकं इरलं घेते. पावसात रोप लावताना घ्यायचं, हा उपयोग सोडून काय काय? कोंबडीची पिल्लं झाकायला. बुजगावण्याच्या डोक्यावर. गणपतीपुढे डोंगर करायला. एकाने सांगितलं, ‘उलटं टाकून त्यात बसून वढ्यातनं जायचं.’ वर्ग हसला. मी फक्त म्हटलं, ‘आणखी?’ हे हसू फार कामाचं असतं. चुकीचं बोललं तरी इथे मार बसत नाही, हे मुलांना तेवढ्यात कळतं.

तीन मिनिटं झाली की थांबा. हा खेळ लांबवला तर मुलं पुढे कंटाळतात.

पाच मिनिटं शांतता

आता प्रश्न फळ्यावर लिहा, मोठ्याने एकदा वाचा आणि नियम सांगा. एका चिठ्ठीवर एकच कल्पना. नाव लिहायचं नाही. प्रत्येकाने निदान तीन चिठ्ठ्या. लिहिताना बोलायचं नाही, शेजारी बघायचं नाही. आणि भाषा कुठलीही.

या शेवटच्या नियमावर मुलांचा सहज विश्वास बसत नाही. ‘टीचर, घरी बोलतो तसं लिवलं तर चालतंय?’ ‘चालतंय की.’ ‘कन्नड शब्द?’ ‘चालतंय.’ ‘स्पेलिंग चुकलं तर?’ एवढं विचारून झालं की मग हात चालतात. शब्द येत नसेल तर चित्र काढा म्हणावं. ताटांच्या वेळी एका चिठ्ठीवर नुसतं ‘तोट्टी’ एवढंच लिहिलेलं होतं. तोट्टी म्हणजे कन्नडमध्ये पाण्याचं टाकं. ‘टाके बांधावे’ असं वाक्य करत बसला असता तर त्या मुलाने ते लिहिलंच नसतं. आणि शब्दांचं म्हणाल, तर अण्णा, अडकित्ता हे शब्द मराठीने कन्नडकडूनच घेतले. शब्दांची ही देवघेव आपल्याकडे जुनीच आहे, वर्गात तिच्यावर जकात कशाला?

दुसरं-तिसरं मिनिट अवघड असतं. मुलं वर बघायला लागतात, पेन्सिलीला टोक करतात, ‘झालं’ म्हणतात. तिथे तुमचीच परीक्षा असते. मध्ये बोलू नका, उदाहरण तर अजिबात देऊ नका. तुम्ही एक उदाहरण दिलंत की पुढच्या दहा चिठ्ठ्या त्याचीच भावंडं निघतात. पहिल्या दोन चिठ्ठ्यांवर सगळ्यांना माहीत असलेलंच येतं. स्वतःचं असं काही त्यांच्यानंतरच सुचायला लागतं. म्हणून शांतता पाच मिनिटांची. तीन मिनिटांत उरकलीत तर तुम्ही नेमका सरसकट माल तेवढा गोळा केलात.

चिठ्ठ्या फिरवणं

इथून गट सुरू होतो, पण अजूनही तोंडाने नाही.

बर्न्ड रोरबाख या जर्मन माणसाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस एक पद्धत मांडली. सहा जण, प्रत्येकाने तीन कल्पना पाच मिनिटांत लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजाऱ्याने त्या वाचून आपल्या तीन घालायच्या. सहा फेऱ्या झाल्या की अर्ध्या तासात १०८ कल्पना. शाळेच्या ४० मिनिटांच्या तासात हे बसत नाही, म्हणून मी त्याची बारकी आवृत्ती करते. चार मुलं, प्रत्येकाने आपल्या चिठ्ठ्यांतल्या आवडीच्या दोन एका कोऱ्या पानावर उतरवायच्या आणि पान उजवीकडे द्यायचं. शेजाऱ्याने वाचून खाली दोन लिहायच्या: वरच्या कल्पनेला जोड देणाऱ्या किंवा ती वाचून नव्याने सुचलेल्या. फेरीला तीन मिनिटं. पान पुन्हा मालकाकडे येईतो प्रत्येक पानावर आठ कल्पना, गटाच्या बत्तीस, बारा मिनिटांत. काही दोनदा येतील, काही बिनकामाच्या असतील. असू देत.

‘जोड’ म्हणजे काय हे मुलांना समजावून सांगण्यापेक्षा घडलेलंच सांगते. एका पानावर पहिल्याने लिहिलं, ‘ताटं धुवायचीच न्हाईत.’ आळशी पोराचं उत्तर म्हणून आपण हे केव्हाच फेकून दिलं असतं. दुसरीने खाली लिहिलं, ‘पळसाच्या पत्रावळ्या करायच्या.’ तिसऱ्याने, ‘रोज पानं कुठली, पण ताट बोटानं पुसून खायचं, भात वाळू द्यायचा नाही.’ चौथ्याने, ‘एका घमेल्यात पहिलं पाणी, त्यात सगळ्यांनी खरकटं काढायचं. ते आमच्या म्हशीला. दुसऱ्या बादलीत धुवायचं. ते झाडांना.’ पहिली आळशी ओळ नसती तर शेवटची सुचली नसती. ऑस्बॉर्नचा अचाट कल्पनांबद्दलचा नियम मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळला.

तुमचं तोंड

हा भाग मला सगळ्यात अवघड गेला, अजूनही जातो.

पानं फिरत असताना शिक्षकाने गटागटांतून हिंडावं, पण पेन्सिल हातात घेऊन नाही. ऱ्हस्व-दीर्घ दिसलं की आपला हात शिवशिवतो. आवरा. लाल खूण एका चिठ्ठीवर पडली की त्या गटातली उरलेली सगळी मुलं ‘शुद्ध लिहिण्याच्या’ कामाला लागतात आणि सुचणं तिथेच थांबतं.

‘व्वा, छान!’ हेही नको. हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. रागावणं वाईट हे सगळ्यांना पटतं, पण कौतुक? एका मुलाला ‘व्वा’ म्हटलं की बाकीचे समजतात, टीचरना हवं ते उत्तर सापडलं. मग सगळे त्याच दिशेने वळतात, किंवा आपलं तसं नाही म्हणून चिठ्ठी मुठीत चुरगाळतात. त्यासाठी माझ्याकडे दोनच शब्द आहेत, ‘बरं’ आणि ‘आणखी?’ कौतुक शेवटी करायचं, आणि तेही कल्पनेपेक्षा जोड देण्याचं: ‘हिने त्याच्या ओळीवर काय छान रचलं बघा.’

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक गोष्ट टिपली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. थांबणं तीन सेकंदांपर्यंत वाढवलं तर उत्तरं लांब होतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलायला लागतात. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं. एकदा वर्गात मनातल्या मनात ‘एक… दोन… तीन…’ मोजून बघा, युग गेल्यासारखं होतं.

मुलांनी एकमेकांची थट्टा केली तर? तेवढ्यापुरतं मात्र मी बोलते. आमच्या वर्गात त्यासाठी एक खूण ठरली आहे. कुणी कुणाच्या कल्पनेला ‘ह्यॅ’ केलं की त्यानेच त्या कल्पनेला एक जोड लिहून द्यायची. एका आठवड्यात ‘ह्यॅ’ जवळजवळ संपलं.

जमिनीवर मांडणं

आता बोलायची वेळ. पानांवरच्या ओळी कापून किंवा नव्या चिठ्ठ्यांवर उतरवून गटाने त्या जमिनीवर पसराव्यात. पंख्याने उडतात म्हणून प्रत्येकीवर एक खडा. मग एकमेकींसारख्या चिठ्ठ्या जवळ सरकवायच्या. पहिली दोन मिनिटं न बोलता, नंतर बोलून. ‘ही इथं का ठेवलीस?’ या प्रश्नावर वर्गात जितकं खरं बोलणं होतं तितकं एरवी महिन्यात होत नाही.

जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाला नेपाळमधल्या भटकंतीत जमवलेल्या नोंदींचा ढीग आवरता येईना, तेव्हा त्याने अशीच चिठ्ठ्यांची रीत काढली. आधी खाने ठरवून त्यांत चिठ्ठ्या कोंबायच्या नाहीत. चिठ्ठ्या जशा जवळ येतील तसे ढीग होऊ द्यायचे आणि मग त्यांना नाव द्यायचं. शिक्षकांचा हात नेमका उलटा वळतो. आपण फळ्यावर आधीच ‘फायदे, तोटे, उपाय’ असे रकाने आखून ठेवतो. नका आखू. ताटांच्या चिठ्ठ्यांचे ढीग मुलांनी केले त्यांची नावं होती ‘खाताना’, ‘नळापाशी’, ‘सांडपाणी’ आणि ‘गप्पा मारणारी पोरं’. चौथा ढीग मला कधीच सुचला नसता, आणि खरं पाणी तर तिथेच वाया जात होतं.

एकट्या राहिलेल्या चिठ्ठ्या असतातच. त्यांना कुठल्यातरी ढिगात ढकलू नका. मुतारीच्या फरशीसारखी गोष्ट बहुतेक वेळा अशा एकट्या चिठ्ठीवर असते.

चिंचोक्यांचं मतदान

प्रत्येकाला तीन चिंचोके. आवडलेल्या चिठ्ठ्यांवर ठेवायचे. तिन्ही एकीवर ठेवले तरी चालतील. हात वर करून मतदान घेऊ नका, सगळे वर्गाच्या मॉनिटरकडे बघून हात वर करतात. एका वेळी एकाने जायचं आणि बाकीच्यांनी बाकावर डोकं टेकवून बसायचं. मोठा वर्ग असेल तर गटागटाने पाठवा.

जास्त चिंचोके पडलेल्या तीन कल्पना घ्या आणि प्रत्येकीला तीन प्रश्न विचारा. हे आपण आपल्या हाताने करू शकतो का? खर्च किती, आणि तो कोण करणार? परवानगी कुणाची लागेल: मुख्याध्यापकांची, स्वयंपाकाच्या मावशींची, का एसडीएमसीची, म्हणजे शाळेच्या विकास-देखरेख समितीची? टीकेला जागा आहे ती इथे, याआधी नाही. मुलं या वेळी फार कठोर होतात. मजा म्हणजे ज्याची कल्पना असते तोच सगळ्यात आधी तिच्यातली खोट काढतो, कारण चिठ्ठीवर नाव नसतं, त्यामुळे अब्रू जात नाही.

आठवडाभर करून बघणं

निवडलेली कल्पना एकच. कोण, काय, कोणत्या वारापासून, हे तिघा-चौघांच्या नावानिशी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि आठवडाभर पुसू नका. दोन पाण्यांची घमेली-बादली आम्ही सोमवारी सुरू केली. बुधवारी म्हैसवाल्या मुलाने कंटाळून घमेलं न्यायचं सोडलं. गुरुवारी वर्गाने पुन्हा दहा मिनिटं बसून तेवढ्यावर चिठ्ठ्या लिहिल्या. शाळेजवळच्या एका घरी जनावरं होती, तिथे विचारायचं ठरलं आणि जमलं. बादल्या पुन्हा मोजल्या तेव्हा कमी लागत होत्या. किती कमी, ते मुलांनी गणिताच्या तासाला शेकडेवारी काढून भिंतीवर लावलं.

मुलांनी कल्पना दिल्या आणि पुढे काहीच झालं नाही, असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा चिठ्ठ्या कोऱ्या येतात. म्हणून करता येणार नसेल असा प्रश्न मुळातच घेऊ नये. आणि परवानगी नाकारली गेली तर तसं वर्गात येऊन स्पष्ट सांगावं, कारणासकट.

वेळेचा हिशेब

४० मिनिटांच्या तासात सगळं कोंबायचं तर असं: वेडेपणा तीन मिनिटं, प्रश्न आणि नियम दोन, शांत लेखन पाच, चिठ्ठ्या फिरवणं बारा, मांडणी नऊ, चिंचोके चार, निवड पाच. जमतं, पण धाप लागते. जोडतास मिळत असेल तर घ्या, किंवा मांडणीपासूनचा भाग दुसऱ्या दिवशी ठेवा. रात्र मध्ये गेली की मुलं आणखी दोन चिठ्ठ्या खिशातून काढतातच.

मोठा वर्ग, लहान शाळा

पन्नासच्या वर मुलं असतील तर बाकं हलवणं अशक्य असतं. तिथे फ्रँक लायमन या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८१ मध्ये मांडलेली रीत बरी: आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याबरोबर जोडीने, मग वर्गासमोर. मी जोडीला एक अट घालते. वर्गासमोर सांगताना स्वतःचं नाही, शेजाऱ्याचं सांगायचं. त्यामुळे ऐकावं लागतं, आणि लाजाळू मुलाची कल्पना दुसऱ्याच्या तोंडून का होईना, फळ्यावर येते.

खानापूरच्या जंगलपट्टीत उलटी अडचण आहे. पहिली ते पाचवी मिळून मुलं दहा-पंधरा, शिक्षक एक नाहीतर दोन. तिथे मोठ्या इयत्तेतलं एक आणि लहान इयत्तेतलं एक अशी जोडी लावा. लहानाने सांगायचं, मोठ्याने लिहायचं, आणि मोठ्याने त्यात स्वतःचं घालायचं नाही. हा नियम मोडला जातोच. जोडीच्या मागे उभं राहून कान द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी चित्र काढावं, किंवा वस्तूच आणून ठेवावी. ‘पावसात काय काय कामाला येतं?’ या प्रश्नावर पहिलीतल्या एकाने चुलीजवळून राखेची पुडी आणली होती. कशाला, तर निसरड्या पायरीवर टाकायला.

निबंधाच्या तासाला

हीच रीत लेखनासाठी वापरली तर मार्गदर्शिकेतले निबंध आपोआप कमी होतात. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ म्हटलं की ‘काळे काळे ढग जमा झाले’ इथून चाळीस वह्या सुरू होतात. त्याऐवजी चिठ्ठ्यांवर प्रश्न द्या: पावसात तुमच्या घरी कसला वास येतो? रात्री कसला आवाज येतो? हाताला काय गार लागतं? एका वर्गात आलेल्या चिठ्ठ्या अशा होत्या: चुलीवर वाळत घातलेल्या दप्तराचा वास. पत्र्यावर पाऊस, त्यात आजीचं खोकणं. चिखलात रुतलेली एसटी आणि ढकलणारे आम्ही. लावणीला वाकून वाकून आईची दुखणारी कंबर. या जमिनीवर मांडून प्रत्येकाने कुठल्याही पाच उचलायच्या, त्यात निदान दोन दुसऱ्याच्या, आणि मग निबंध लिहायचा. दहावीच्या एसएसएलसीच्या सरावालाही हे चालतं, फक्त तिथे शेवटी प्रमाण मराठीत पक्कं लिहिण्याचा एक वेगळा तास घ्यावा लागतो. सुचणं आणि शुद्ध करणं एकाच तासात नको.

उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या बिस्किटाच्या डब्यात जातात, प्रश्न आणि तारीख वर लिहून. दसऱ्याच्या सुट्टीआधीच्या शनिवारी डबा उपडा करतो आणि मुलं त्यातून जुन्या चिठ्ठ्या वाचतात. मागच्या वर्षीच्या वर्गाची न निवडलेली एखादी कल्पना या वर्षीच्या वर्गाला पटते. यंदा डब्यातून निघालेल्या एका चिठ्ठीवर फक्त एक चित्र आहे: नळ, त्याच्या तोटीला बांधलेली दोरी, आणि दोरीच्या टोकाला एक दगड. कुणी काढलं ते आता सांगता येत नाही. पाचवीतले तिघे दोन दिवस त्याचा अर्थ लावत बसले आहेत.